सोलापुरात नवीन आलायत? एक शनिवार या बँडसाठी ठेवा

मी मूळची चिपळूणची. 2013 ला नोकरीसाठी सोलापुरात आले, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल डिझाइनचं काम. नवीन आलेलं कुणी भेटलं की रूम, पाणी आणि मेस या तीनच गोष्टी विचारतात, त्या आधी उरकते. रूम बघताना टाकी केवढी आहे ते बघा, कारण इथे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांचा गॅप धरूनच चालायचं. मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, कुलर आधीच घेऊन ठेवा. घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी कायम असू द्या, मेस बंद असली तरी पोट भरतं. झालं.

पण संध्याकाळचं काय करायचं हे कुणी विचारत नाही, आणि माणसाला हे गाव परकं वाटत राहतं ते त्याच्यामुळेच. मी पहिलं दीड वर्ष दर शनिवारी काम संपलं की पुण्याची गाडी पकडायचे आणि सोमवारी पहाटे परत, म्हणजे राहायला सोलापुरात आणि जीव तिकडे. एका शनिवारी काम संपवून निघताना डाईंगमधले एक सहकारी म्हणाले, "मॅडम, आज गावाला जाऊ नका की ओ, आमची पोरं वाजवतेत, लै भारी वाजवतेत." कुठे विचारलं तर होटगी रोडला एका परमिट रूमच्या मागच्या गार्डनमध्ये. मला धाकधूक होती, पण त्यांच्या मिसेस पण येणार होत्या म्हणून गेले.

पत्र्याच्या शेडखाली गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम आणि चक्क हलगी. पावसाळी हवा होती, हलगीचं कातडं सैल पडलेलं, तर तो मुलगा उठून किचनच्या मागे तंदूरच्या भट्टीजवळ गेला, हलगी गोल गोल फिरवत शेकली, बोटाने टिचकी मारून कानाशी धरली, पुन्हा शेकली, आणि आवाज खणखणीत झाल्यावरच येऊन बसला. ड्रमवाल्याने "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू" असं तेलुगूत मोजलं आणि सुरू झालेली चाल निघाली ओळखीच्या अभंगाची! चार-पाच मिनिटांत संपेल असं वाटलं होतं पण गिटार मध्येच थांबली, बेसवर दोनच सूर फिरत राहिले, हलगी हळूहळू त्यात शिरली, कीबोर्डवाल्याने वेगळंच काहीतरी काढलं, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत मागे मागे गेले आणि वीस-बावीस मिनिटांनी सगळे मिळून परत अभंगाच्या चालीवर आले तेव्हा माझ्या अंगावर काटा होता. पुढ्यातले मसाला शेंगदाणे तसेच राहिले होते.

याला जॅम बँड म्हणतात हे नंतर त्याच मुलांकडून कळलं. अमेरिकेत 1965 ला कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड नावाचा बँड सुरू झाला, त्यांनी ही वाट पाडली, गाणं तेच पण दर कार्यक्रमात वेगळं वाजणार, म्हणून लोक त्यांच्या मागे गावोगाव फिरायचे. रेकॉर्डिंगलाही त्यांची ना नव्हती, उलट 1984 पासून माइक घेऊन येणाऱ्यांना वेगळी जागाच दिली. 1983 ला व्हरमाँटमध्ये सुरू झालेला फिश हा बँडही याच वाटेने गेला. आपल्याला हे तसं अनोळखी नाही, बैठकीत एकच बंदिश तासभर खुलवतातच की, फक्त इथे पाच जण एकमेकांच्या नजरेवर खुलवतात.

म्हणून एकदा ऐकून मत करू नका. पुढच्या शनिवारी पुन्हा जा, तेच गाणं दुसरीकडेच जाईल, तिसऱ्या वेळी गिटारवाल्याने मान वर केली की आता वळण येणार हे तुम्हालाही कळायला लागेल. पिक्चरच्या गाण्यांची फर्माईश प्लीज करू नका, त्यांची लय तुटते. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, ते हो म्हणतात. बँडला अजून नाव नाही, मला तर तेच आवडतं.

माझी इथली बहुतेक माणसं त्या टेबलांवरची आहेत, तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी सगळं एकाच टेबलावर चालतं आणि कुणीतरी आपल्यासाठी मराठीत सांगतंच. ड्रमवाल्याच्या घरी यंत्रमाग आहेत, त्याच्या आईने मला तेलुगूत मोजायला शिकवलं. संक्रांतीच्या दिवसांत मात्र हलगीवाला मिळणार नाही, तो सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे इथल्या जत्रेला, मिरवणुकीतल्या नंदीध्वजांपुढे (सजवलेल्या उंच काठ्यांपुढे) वाजवत असतो. तेव्हा तिकडेच जा, त्याची हलगी मोकळ्या रस्त्यावर ऐकायलाच हवी.

जाताना एवढं बघा. सातला सुरू होतं आणि दहाला बंद, उघड्यावरच्या स्पीकरला दहानंतर परवानगी नाही, त्यामुळे नऊला पोचून उपयोग नाही. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही, मी आजवर लिंबू सोडाच घेत आले. घेणार असाल तर बियरला 21 आणि हार्ड ड्रिंकला 25 वर्षं पूर्ण लागतात. बायकांनी एकटीने पहिल्यांदा जायचं टाळून कुणाला तरी सोबत न्या, नंतर ओळख होते, मालक स्वतः रिक्षा बोलावून देतात. आणि निघण्याआधी आपल्या भागात त्या रात्री पाणी सुटणार आहे का ते शेजारच्या काकूंना विचारून घ्या.