परदेशातलं स्वयंसेवी काम आणि डिग्रीची क्रेडिट्स

परदेशात काही महिने व्हॉलंटिअर म्हणून काम करून आलेले विद्यार्थी मला बरेचदा विचारतात, "आता याची क्रेडिट्स कशी मिळवायची?" क्रेडिट्स म्हणजे डिग्री पूर्ण करायला ठरावीक संख्येने जमवावी लागणारी अभ्यासाची एककं. खरं तर हे सगळं निघण्याआधी ठरायला हवं, आणि तेही आपल्या विद्यापीठात. पाठवणाऱ्या संस्थेच्या जाहिरातीत 'क्रेडिटची सोय आहे' असं असतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की एखाद्या विद्यापीठाशी त्यांचा करार आहे किंवा तुमच्या कागदांवर सह्या करायला ते तयार आहेत. क्रेडिट देणार किंवा नाकारणार ते विद्यापीठच.

आधीच जाऊन आला असाल तर काही विद्यापीठांत पूर्वानुभवाचं मूल्यांकन होतं. त्यासाठी कामाच्या नोंदी, पर्यवेक्षकाचं पत्र आणि त्यातून काय शिकलात याचं सविस्तर लेखन अशी फाइल द्यावी लागते. पण हा मार्ग लांबचा आहे आणि हाती काय पडेल याची खात्री नसते. जाण्याआधी करार करून घेणं कितीतरी सोपं.

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी असताना कोस्टा रिकात समुद्री कासवांच्या संवर्धनाच्या कामावर गेले होते. रात्रभर किनाऱ्यावर गस्त असायची. टॉर्च लाल, कारण पांढऱ्या उजेडाने मादी बिचकते आणि अंडी न घालताच पाण्यात परत जाते. ती अंडी घालायला लागली की तिच्या मागे वाळूत पालथं पडायचं, हातमोजा घातलेला हात खड्ड्यात धरायचा आणि त्यावरून घरंगळणारं एकेक अंडं दुसऱ्या हातातल्या काउंटरवर मोजायचं. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात साधारण शंभरावर अंडी असतात, त्यामुळे हात अवघडून जातो, पण मोजणी मध्येच सोडता येत नाही.

या गस्तीचं म्हणून मला एकही क्रेडिट मिळालं नाही. क्रेडिट्स मिळाली ती एका प्रश्नावरच्या अभ्यासाची. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबत असताना वाळूचं तापमान किती होतं त्यावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही सारख्या प्रमाणात होतात, वाळू त्याहून तापली की माद्या वाढत जातात. मग झाडांच्या सावलीतली घरटी आणि उघड्या वाळूतली घरटी यांच्या तापमानात किती फरक पडतो? हा प्रश्न, त्यासाठी केलेलं वाचन, रोजच्या नोंदी आणि शेवटचा अहवाल, एवढ्याला विद्यापीठाने क्रेडिट दिलं. किती राबलात हे तिथे कोणी विचारत नाही. काय शिकलात हे दाखवता आलं पाहिजे.

म्हणून पहिली गाठ घ्यायची ती आपल्या विभागातल्या अशा प्राध्यापकांची, ज्यांना तुमच्या विषयात रस आहे. बहुतेक ठिकाणी असं काम 'स्वतंत्र अभ्यास', 'फील्डवर्क' किंवा 'इंटर्नशिप' या नावाच्या कोर्समध्ये बसवतात. मग लर्निंग अ‍ॅग्रीमेंट (काय शिकणार आणि ते कसं तपासणार याचा लेखी करार) तयार करायचं आणि त्यावर तिघांच्या सह्या घ्यायच्या: तुमची, प्राध्यापकांची आणि तिथल्या पर्यवेक्षकाची. या कागदावर मनापासून मेहनत घ्या. 'पर्यावरणाबद्दल जाणीव वाढेल' असं लिहिलं तर ते तपासायचं कसं? 'दोन प्रकारच्या घरट्यांच्या तापमानाच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीने घेऊन त्यांची तुलना मांडता येईल' असं लिहिलं की प्राध्यापकांना नेमकं काय वाचायला मिळणार ते कळतं. अहवाल किती शब्दांचा, कधी द्यायचा, मार्क मिळणार की नुसतं पास-नापास, आणि ही क्रेडिट्स मुख्य विषयात धरणार की ऐच्छिकात, हेही त्याच कागदावर येऊ द्या. शेवटचा मुद्दा बरेचजण विसरतात आणि मग क्रेडिट्स ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या गुणपत्रकावर) दिसतात, पण डिग्रीच्या हिशेबात धरली जात नाहीत.

तासांचा हिशेब देशागणिक बदलतो. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. ब्रिटनमध्ये वर्षाची १२० आणि एका क्रेडिटला १० तास, म्हणून तिथली २ म्हणजे युरोपातलं १. अमेरिकेत एका क्रेडिटसाठी सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला वर्गातला एक तास आणि बाहेरचे किमान दोन तास धरतात, म्हणजे साधारण ४५. या तासांत वाचन आणि लेखनही येतं. प्रवास आणि सुट्टीतलं फिरणं येत नाही. तासांचा तक्ता दर आठवड्याला पर्यवेक्षकाकडून सही करून घ्या. अशा प्रकल्पांवरचे लोक मोसमानुसार बदलतात, आणि तुमचं काम ज्यांनी पाहिलं ते दोन महिन्यांनी दुसऱ्याच देशात असू शकतात.

डायरी जवळजवळ सगळीकडे मागतात. 'आज खूप छान अनुभव आला' या वाक्याला काही किंमत नाही. काय घडलं, मला तेव्हा काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं आणि उद्या मी काय वेगळं करीन, एवढं लिहा. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र बरेच प्राध्यापक वाचायला देतात. ते निघण्याआधीच वाचलं तर पहिल्या दिवसापासून नोंदी कामाच्या होतात.

पैशांचं आधी विचारून घ्या. कामावर जाण्याचा खर्च तुम्ही केलेला असला तरी बहुतेक विद्यापीठं त्या क्रेडिट्सची नेहमीची फी घेतात. फी भरून ती क्रेडिट्स डिग्रीत धरली जाणार नसतील, तर नुसतं प्रमाणपत्र घेऊन जाणं शहाणपणाचं. 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर' या युरोपियन युनियनच्या योजनेत १८ ते ३० वयाच्या स्वयंसेवकांचा राहण्याजेवणाचा खर्च भागतो आणि शेवटी 'युथपास' नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात शिकलेल्या गोष्टींची नोंद असते, पण ते क्रेडिट नव्हे.

व्हिसाचंही तसंच. पगार नाही म्हणजे काम नाही, असं सगळे देश मानत नाहीत. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. वकिलातीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कोणतं काम घ्यायचं याबद्दल मात्र मी अगदी ठाम आहे. जे काम आपल्या देशात करायची तुम्हाला परवानगी नाही, ते परदेशातही करू नका. प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने टाके घालणं, इंजेक्शन देणं, बाळंतपणात हात घालणं हे रुग्णाच्या जिवाशी खेळणं आहे. तिथे मनुष्यबळ कमी आहे म्हणून ते योग्य ठरत नाही. अनाथालयांतली थोड्या दिवसांची कामंही टाळा. अशा संस्थांतल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशांमुळे मुलांना घरापासून दूर ठेवण्यात काहींचा फायदा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात यावर स्पष्ट बोट ठेवलं आहे. दर काही आठवड्यांनी लळा लावून निघून जाणारी माणसं त्या मुलांनी किती वेळा सोसायची? तुमच्या क्रेडिटसाठी तर नाहीच नाही. संस्थेला थेट विचारा: मी आले नाही तर हे काम कोण करतं? स्थानिक माणसाची मजुरी बुडत असेल तर दुसरा प्रकल्प शोधा.

नोंदी कोणाच्या, हेही आधीच लेखी ठरवा. मी मोजलेली तापमानं प्रकल्पाची होती. अहवालात वापरायची परवानगी मी ईमेलवर घेतली होती. अहवाल विद्यापीठाला दिला त्याच आठवड्यात त्याचा दोन पानी सारांश स्पॅनिशमध्ये करून प्रकल्पाला पाठवला. भाषा तपासायला तिथल्याच एका सहकाऱ्याने मदत केली, आणि सावलीतल्या घरट्यांचा तक्ता पुढच्या तुकडीच्या प्रशिक्षणात त्यांनी घेतला.