शावुओतचा दुधाचा स्वयंपाक: या चुका टाळा

शावुओत हा ज्यूंचा सण जवळ आला की बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांमध्ये तक्रारीही ठरलेल्या येतात. चीजकेक मध्येच खचला, श्रीखंडाला पाणी सुटलं, आजीची बासुंदी आजीसारखी झालीच नाही. तक्रार इस्रायलमधल्या अश्दोदची असो, दिमोनाची असो की ठाण्याची, थोडं खोदून विचारलं की कळतं, घोळ गॅसपाशी झालेलाच नाही. ज्यू नियमांत दूध आणि मांस एकत्र चालत नाही, आणि कोणत्या वेळचं जेवण दुधाचं आणि कोणत्या वेळचं मांसाचं, हे आधी ठरवलेलं नव्हतं. नाहीतर वहीतल्या कृतीत निम्मीच गोष्ट लिहिलेली होती. म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसा, ओट्याकडे मग वळा.

पेसाह (इजिप्तमधून सुटकेचा सण) याच्या दुसऱ्या दिवसापासून सात आठवडे मोजले की पन्नासाव्या दिवशी शावुओत येतो. सिनाय पर्वतावर तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) मिळाली, त्या दिवसाचा हा सण. त्या दिवशी दूधदुभतंच का, याची कारणं बरीच सांगतात. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते असं: तोरा मिळाली आणि मांसाचे नियम लागू झाले, पण नियमात बसेल असं मांस आणि तशी भांडी हाताशी नव्हती, म्हणून लोकांनी दुधावर भागवलं. बायबलमधल्या गीतरत्नातल्या ‘जिभेखाली मध आणि दूध’ या ओळीचाही दाखला देतात. सोळाव्या शतकात क्राकोवचे रब्बी (धर्मगुरू) मोशे इस्सर्लिस यांनी ही प्रथा लिहून ठेवली, तेव्हा ती काही कालपरवाची नाही.

पहिली चूक: सगळ्या जेवणांना एकाच मापाने मोजणं

सण दुधाचा म्हणून दोन्ही वेळा दुधाचंच जेवण हवं, असं काही नाही. बऱ्याच घरांत रात्री दुधाचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मांसाचं जेवण असतं. काही घरं याच्या उलट करतात. दोन्ही चालतं. एकाच बैठकीत दोन्ही मात्र चालत नाही, आणि गडबड नेमकी मधल्या वेळात होते. दुधाचं खाल्ल्यावर तोंड खळखळून, हात धुऊन, काहीतरी कोरडं खाल्लं की मांसाकडे वळता येतं. काही घरांत मध्ये अर्धा तास किंवा तासभर थांबतात. मांसानंतर दुधाकडे यायला मात्र बहुतेक जण सहा तास धरतात. म्हणजे दुपारी दोनला मटण जेवलात तर पाच वाजताच्या चहाबरोबर चीजकेक नाही. पाहुणे पाचला यायचे असतील तर दुपारचंच जेवण दुधाचं ठेवा.

यात एक खाचखळगा सहज नजरेतून सुटतो. अनेक महिने मुरवलेलं कडक चीज, पार्मेझानसारखं, खाल्ल्यावरही सहा तास थांबण्याची रीत कित्येक घरांत आहे, विशेषतः अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, घरांत. सून किंवा जावई तशा घरातला असेल तर सकाळच्या ताटात मऊ चीजच ठेवा, म्हणजे दुपारच्या जेवणाला कोणी अवघडून बसणार नाही.

पावाचंही तसंच. दूध घालून मळलेला मोठा पाव करायला परवानगी नाही, कारण पाव मांसाबरोबरही खाल्ला जातो आणि नकळत चूक होऊ शकते. थोडाच केला, किंवा पाहताक्षणी ओळखू येईल अशा वेगळ्या आकाराचा केला, तर चालतो. हल्ला (सणाचा पाव) नेहमीसारखी पाण्यात मळा, म्हणजे ती दोन्ही जेवणांना उपयोगी पडेल.

२०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी शावुओत शुक्रवारी आहे: २०२६ मध्ये २१ मेच्या संध्याकाळपासून, २०२७ मध्ये १० जूनच्या संध्याकाळपासून. सणाला लागूनच शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा दिवस. भारतात सणाचा दुसरा दिवस पाळतात, तोही शब्बाथच. शुक्रवारी शब्बाथसाठी रांधायचं तर गुरुवारी, सण लागायच्या आधी, एरुव्ह तावशिलीन करून ठेवावं लागतं: पाव आणि एखादा शिजवलेला पदार्थ, बहुधा उकडलेलं अंडं, बाजूला ठेवून बेराखा (आशीर्वचन) म्हणायची. गुरुवारच्या धावपळीत नेमकं हेच राहून जातं. यादीत अगदी वरती लिहा.

सणाच्या दिवशी स्वयंपाक करता येतो, पण नवी आग पेटवता येत नाही. काडी, लायटर, गॅसचं बटन दाबून उडणारी ठिणगी, यातलं काही नाही. सणाआधी लावून ठेवलेल्या ज्योतीवरच शिजवायचं, आणि ती विझवायचीही नाही. म्हणून जे भाजायचं, थंड करायचं, सेट करायचं, ते सगळं आदल्या दिवशी. सणाच्या दिवशी फक्त गरम करणं आणि कोशिंबीर.

दुसरी चूक: वहीत नुसतं ‘दूध दोन वाट्या’

माझ्या मते शावुओतला सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या चुकीने, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

कोकणातल्या बेने इस्रायल स्वयंपाकाचा कणा म्हणजे नारळ. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही, म्हणून रस्सा दाट करायला दह्या-सायीऐवजी नारळाचं दूध. गोडातही तेच. खिरीच्या सणाला नव्या तांदळाची खीर करत ती नारळाच्या दुधातच. घरातल्या बाईने वहीत ‘दूध’ लिहिलं तेव्हा तिला कुठलं दूध म्हणायचं होतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तीच वही पन्नास वर्षांनी लोदमधल्या नातीच्या हाती येते, ती फ्रीज उघडते आणि गाईचं दूध ओतते. चव बदलते ते एक वेळ चालेल. पण जो पदार्थ मटणानंतर वाढायचा होता तो आता दुधाचा झालेला असतो, आणि ताटावर बसलेल्या कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून घरच्या कृती गोळा करताना प्रत्येक कृतीच्या डोक्यावर तीनपैकी एक शब्द लिहा: दुधाचं, मांसाचं, पारवे (ना दुधाचं ना मांसाचं). मग दूध नारळाचं, गाईचं की म्हशीचं. तूप की तेल. यानंतर वाट्या आणि चमचे.

म्हशीचं की गाईचं, हे का लिहायचं? अलिबागची बासुंदी म्हशीच्या दुधाची, आणि त्यात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश. इस्रायलच्या दुकानातलं नेहमीचं दूध गाईचं, तीन टक्क्यांचं. ते निम्म्यावर आणलं तरी सायीचा तो रवाळ जाडपणा येत नाही. लोक आणखी आटवत बसतात, मग तळाला लागतं आणि बासुंदीला करपट वास येतो. उपाय सोपा आहे: एक लिटर दुधात सुरुवातीलाच ३८ टक्क्यांचं गोड क्रीम शंभर मिलिलिटर घाला, म्हणजे ते म्हशीच्या दुधाच्या जवळ जातं. जाड बुडाचं पातेलं घ्या, आच मध्यम ठेवा, कडेची साय खरवडून परत आत सोडत राहा. साखर शेवटी.

आई, मावशी, आत्या यांच्याकडून कृती विचारताना फोनवर विचारू नका. ‘अंदाजाने घाल गं’ एवढंच उत्तर मिळेल, आणि त्यांच्या बाजूने ते अगदी खरं असतं, कारण अंदाज हातात असतो, तोंडात नसतो. शेजारी उभं राहा. त्या मूठ भरून रवा घेतील तेव्हा हाताखाली वजनकाटा धरा, आणि मूठ पातेल्यात जायच्या आधी आकडा टिपा. त्यांची ती रोजची वाटी किती मिलिलिटरची, ते पाणी भरून एकदा मोजून ठेवा. घराघरातल्या वाट्या वेगळ्या असतात, आणि एका वाटीच्या फरकाने शिरा आणि लापशी यांच्यातलं अंतर संपतं. कृतीखाली ती कोणाची, कुठल्या गावची, कुठल्या सणाची, तेही लिहा. पुढच्या पिढीला प्रमाणाइतकीच ही ओळही हवी असते.

पाकीट वाचताना

भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असला की निश्चिंत होणारे बरेच आहेत. तो ठिपका शाकाहारीपणाचा आहे, कोशेरपणाचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसण्याचा, नाही. चीज विरजायला जो एन्झाइम वापरतात तो वासराच्या पोटातला नसला तरी चीज कोणाच्या देखरेखीखाली तयार झालं हा प्रश्न उरतोच. हेक्शेर (कोशेर असल्याचा शिक्का) असलेलं चीज मिळत नसेल तर घरी लिंबावर पनीर फाडा, कापडात टांगून चक्का करा. सण तेवढ्यावर उत्तम पार पडतो. दुधाबाबत तुमच्या घरची रीत काय, ते तुमच्या रब्बींना किंवा हजानांना (सभास्थानात प्रार्थना म्हणणाऱ्यांना) विचारून घ्या.

न भाजता केलेल्या चीजकेकमध्ये जिलेटिन असतं, आणि ते बहुतेक वेळा जनावरांच्या कातडीचं नाहीतर हाडांचं. त्याऐवजी चायना ग्रास घ्यावं, पण ते वापरण्याची पद्धत वेगळी आहे. पट्ट्या थंड पाण्यात भिजवून, मग उकळत ठेवून पूर्ण विरघळवाव्या लागतात. नुसत्या गरम पाण्यात त्या विरघळत नाहीत. आणि हे मिश्रण फ्रीजबाहेरच गोठू लागतं, म्हणून फ्रीजमधून काढलेल्या गार चक्क्यात ओतलं की जागच्या जागी दोऱ्यासारख्या गुठळ्या होतात. चक्का आधी बाहेर काढून कोमट होऊ द्या. त्यातला थोडा गरम मिश्रणात फेटा, आणि ते सगळं हळूहळू उरलेल्या चक्क्यात. अर्ध्या लिटरला पाच ग्रॅम पट्ट्या पुरतात. वरून ताजा अननस, किवी किंवा पपई घालू नका. त्यांच्यातले एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतात आणि रात्रभरात चव कडू होते. अननस हवाच असेल तर साखरेत शिजवून घाला.

भाजताना आणि फेटताना

चीजकेकला भेग पडते ती जास्त भाजल्याने आणि जास्त फेटल्याने. अंडी घातल्यावर मिक्सर थांबवा, चमच्याने एकजीव करा. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या काचेच्या पेल्यात फोडा. रक्ताचा ठिपका दिसला तर तेवढं एकच अंडं जातं, सगळं मिश्रण वाचतं. भारतात क्रीम चीज महाग पडतं, तेव्हा ५०० ग्रॅम चक्का, १५० ग्रॅम साखर, ३ अंडी आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोर हे प्रमाण वीस सेंटिमीटरच्या भांड्याला बसतं. १५० अंशांवर पाऊण तास ते पन्नास मिनिटं. भांडं हलकेच हलवलं की कडा घट्ट आणि मधला भाग थरथरणारा दिसला, की ओव्हन बंद करायचा. तो भाग कच्चा वाटतो म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवलं की भेग नक्की. दार किंचित उघडं ठेवून तासभर आतच राहू द्या, मग रात्रभर फ्रीजमध्ये. ज्या ओव्हनमध्ये मांस भाजता तोच असेल तर तो आधी स्वच्छ करून घ्या, ट्रे दुधाचा वेगळा ठेवा, आणि किती वेळ रिकामा तापवायचा ते घरच्या रिवाजाप्रमाणे.

श्रीखंडाला पाणी सुटतं ते चक्का पुरता न निथळल्याने. रात्रभर, तोही फ्रीजमध्ये टांगलेला हवा. मे महिन्यात मुंबईच्या ओट्यावर टांगलेला चक्का सकाळपर्यंत आंबट होतो. इस्रायलमध्ये चक्क्याच्या जागी लबने घेतात, पण त्यात बहुधा मीठ असतं. साखर-वेलची-केशर सगळं घातल्यावर खारट श्रीखंड खायची वेळ येते, म्हणून घटक पदार्थ वाचा, किंवा साधं घट्ट दही आणून घरीच टांगा. आम्रखंडासाठी तिथला आंबा अजून बाजारात आलेला नसतो, तेव्हा हापूसच्या डबाबंद रसावर भागवा, आणि त्या रसात साखर आधीच असते हे धरून साखर कमी करा.

ब्लिंट्झमधलं (सारण भरलेल्या पातळ धिरड्यांमधलं) सारण बाहेर येत असेल तर चीज ओलं आहे. ‘गविना लवाना’ (इस्रायलमधलं मऊ पांढरं चीज) तासभर कापडात निथळू द्या, अंड्याचा एक बलक आणि चमचाभर रवा घाला. पालक-चीजच्या बुरेकासाठी (सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीसाठी) पालक पाण्यात बुडवून, पान न् पान उजेडात धरून किडे नाहीत ना ते पाहा, आणि उकडल्यावर मुठीत घट्ट पिळा.

ताटाचा तोल

बुरेका, चीजचा पास्ता, ब्लिंट्झ, वर चीजकेक, असं ताट पाहायला सुरेख, पण तिसऱ्या घासाला जीभ जड होते. त्या रात्री पहाटेपर्यंत जागून तोरा वाचायची असते, आणि पोटात सायीचा गोळा घेऊन कोणाचं लक्ष पुस्तकात लागणार? दोनच जड पदार्थ पुरेत. बाकी काकडी-टोमॅटोची लिंबू पिळलेली कोशिंबीर, कलिंगड, कैरीचा तक्कू. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी सोलकढी आणि नारळाच्या दुधातली खीर. मासे ठेवणार असाल तर ते दुधात शिजवू नका आणि वेगळ्या ताटलीत द्या. बऱ्याच सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या, घरांत मासे आणि दूध एकत्र खात नाहीत.

मांसाच्या जेवणात नारळाच्या दुधाचा पदार्थ असेल तर वाडग्याशेजारी खोबऱ्याचा तुकडा ठेवा. बदामाच्या दुधाजवळ बदाम ठेवण्याची जुनी रीत आहे, तीच इथेही कामी येते. नवख्या पाहुण्याचा गैरसमज होत नाही.

रात्रभर टेबलावर काही मांडून ठेवू नका. मे-जूनच्या उकाड्यात दुधाचे पदार्थ तासाभरात परत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. चीजकेक आधीच तुकडे करून, थोडा थोडा बाहेर काढा. ब्लिंट्झ जास्त झाले तर सारण भरून, न तळता, एकमेकांना चिकटणार नाहीत असे ट्रेवर गोठवा आणि मग पिशवीत भरा. पुढच्या आठवड्यात ते थेट फ्रीझरमधून तव्यावर टाकता येतात, फक्त आच मंद ठेवा आणि झाकण घाला.