मराठी पुस्तकातल्या इंग्रजीला गॅरामॉन्ड कसा लावायचा

सांगलीत डीटीपीचं काम करतो. स्मरणिका, प्रबंध, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र असलं सगळं येतं आणि मराठीच्या मधेमधे इंग्रजी असतंच, आणि त्याला डोळे झाकून टाइम्स न्यू रोमन लावायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. टाइम्स वाईट नाही, पण तो १९३२ साली लंडनच्या टाइम्स पेपरासाठी केलेला, अरुंद कॉलमात मजकूर बसवायला, त्यामुळं पुस्तकाच्या रुंद ओळीत तो दाटीवाटीनं उभा राहिल्यासारखा वाटतो. पुस्तकाला गॅरामॉन्ड नावाचा इंग्रजी फॉन्ट लावून बघा.

आधी कुठला गॅरामॉन्ड ते ठरवा, कारण ह्या नावाचे फॉन्ट ढीगभर आहेत. क्लोद गॅरामॉन्ड हा पॅरिसचा टाइप कोरणारा, १५६१ मध्ये वारला. वर्डमध्ये जो गॅरामॉन्ड दिसतो त्याचं मूळ मात्र नंतरच्या जाँ जानों नावाच्या कारागिराच्या टायपात आहे, आणि हा नावाचा घोळ १९२६ मध्ये बिअट्रिस वॉर्ड ह्या बाईंनी उलगडला. मी ईबी गॅरामॉन्ड वापरतो. तो १५९२ च्या फ्रँकफर्टच्या एका नमुनापत्रावरून काढलाय, गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि धंद्याच्या कामालाही चालतो.

आता एक करा. स्क्रीनवर गॅरामॉन्डचा इंग्रजी ओ (O) आणि बोरूच्या वळणाच्या एखाद्या मराठी फॉन्टमधला ठ शेजारी शेजारी टाका आणि चांगले मोठे करा. ओ बारीक कुठं होतो बघा, वर डावीकडं आणि खाली उजवीकडं. ठ बरोब्बर उलटा, वर उजवीकडं आणि खाली डावीकडं बारीक. आपल्या बोरूची कत, म्हणजे टोकाचा तिरका काप, त्यांच्या टाकाच्या उलट्या बाजूनं कापतात म्हणून हे होतं. म्हणजे दोन्ही अक्षरं हातातल्या लेखणीतनंच आलीत, फक्त कलणं उलटं, आणि म्हणूनच गॅरामॉन्ड मराठीशेजारी परका वाटत नाही असं माझं ठाम मत आहे. एरियलसारखा सगळीकडं सारख्या जाडीचा फॉन्ट तिथं टाकला की लगेच टोचतो. मराठीला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला तर ल आणि श पण आपल्या वळणाचे मिळतात, हिंदी वळणाचे नाही.

साइजला सगळे चुकतात, मीही चुकलो होतो. एका स्मरणिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्हीला ११ पॉइंट ठेवला, आणि छापून आल्यावर संदर्भाची इंग्रजी पानं वाचताना एका निवृत्त सरांना भिंग घ्यावं लागलं, फार वाईट वाटलं तेव्हा. गॅरामॉन्डची छोटी अक्षरं खरंच छोटी असतात, इंग्रजी ई (e) मधली पोकळी तर तिळाएवढी. टाइम्स ११ ला जेवढा दिसतो तेवढा दिसायला ह्याला १२ लागतो. मराठीशी जुळवताना आकडा बघू नका, डोळ्यांनी बघा: शिरोरेघ इंग्रजी छोट्या अक्षरांच्या डोक्यापेक्षा थोडी वर आणि कॅपिटलच्या खाली आली की बसलं. दोन ओळींतलं अंतर मात्र मराठीच ठरवणार, वर वेलांटी मात्रा आणि खाली उकार, १२ ला १८ ठेवा, कंजूषी नको.

इनडिझाइन ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोजर ही सेटिंग लावा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. मग ग्रेप स्टाइल, म्हणजे ठरावीक अक्षरं शोधून त्यांना आपोआप स्टाइल लावणारा नियम, करून सगळ्या रोमन अक्षरांना आपोआप गॅरामॉन्ड द्या, दोनशे पानांत एकेक शब्द सिलेक्ट करत बसायची गरज नाही. पण हे फक्त युनिकोड मजकुराला चालतं, म्हणजे ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे कोड असतात त्याला, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी अक्षरांच्याच कोडवर बसलेलं असतं त्यामुळं ते पण बदलून जाईल आणि सगळा कचरा होईल, म्हणून आधी ते युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या.

ओळ बसत नाही म्हणून अक्षर रुंदीत ८० टक्क्यांवर दाबू नका, उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या तशाच राहतात, सगळा तोल जातो. इंग्रजी पुस्तकाचं नाव इटॅलिकमध्ये द्या, ह्याचं इटॅलिक फार सुंदर आहे, पण शेजारचं मराठी तिरकं करू नका, आपल्यात ती पद्धत नाही.

कागदाचं पण बघायला लागतं. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या साध्या बिनचकचकीत कागदावर, शाई थोडी पसरते आणि गॅरामॉन्ड भरदार दिसतो, गुळगुळीत आर्ट पेपरवर तोच किरकोळ वाटतो, तिथं त्याचं जरा जाड असलेलं मीडियम वजन घ्या. आणि हळदीच्या पाकिटासारखं काम असेल, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं, तर तिथं हा फॉन्ट नकोच. चार रंगांच्या छपाईत रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकावर एक बसणं, केसभर जरी हललं तरी त्या नाजूक रेघा बुजतात आणि वजन, एमआरपी काही वाचता येत नाही. पाकिटावर नाव मोठ्या अक्षरात गॅरामॉन्डमध्ये घ्या हवं तर, खालची माहिती साध्या जाड फॉन्टमध्येच द्या.