छतातलं कमळ कागदावर आणताना
बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्ती या जुन्या जैन मंदिरात (बांधकाम १२०४) लिहायला जाणार असाल तर मोबाईल आधी पिशवीत टाका. मंडपात उभं राहून छतातलं दगडी कमळ दहा मिनिटं नुसतं बघा. मग पाठ फिरवून आठवेल ते पंधरा ओळींत उतरवा. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द बाद, कारण ते आले की बघणंच थांबतं. त्याऐवजी पाकळीच्या कडेची सावली लिहा, वर बघून भरून आलेली मान लिहा. पुन्हा वर बघा. पहिल्या खेपेला जे निसटलं, कविता तिथूनच सुरू करा. अख्खं छत कोंबलंत तर माहितीफलक होतो. एकच पाकळी पुरे. गोष्ट लिहायची असेल तर ती कोरणाऱ्या पाथरवटाची छिन्नी शेवटच्या घावाला घसरली असती तर काय, इथून सुरुवात करा.