१६४४ च्या बातमीपत्रातली लढाई पडताळायची कशी

इंग्लंडच्या यादवी युद्धातली (राजा विरुद्ध संसद) बातमीपत्रं साधारण आठ पानांची, आठवड्याला निघणारी. राजपक्षाचं ‘मर्क्युरियस ऑलिकस’ ऑक्सफर्डहून निघे, संसदेच्या बाजूचं ‘मर्क्युरियस ब्रिटानिकस’ लंडनहून. स्कॅन उघडलात की मजकुराच्या आधी तारीख सोडवा. बहुतेक घोळ तिथेच होतात.

इंग्लंड तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका पाळायचं, म्हणजे आजच्या हिशेबाने १० दिवस मागे. शिवाय वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून जानेवारी १६४३ मध्ये सुरू झालेल्या ऑलिकसच्या पहिल्या अंकावर १६४२ दिसतं. टिपणात १ जानेवारी ते २४ मार्चच्या अंकांना ‘१६४२/४३’ असं दुहेरी वर्ष द्या. दिवस मात्र हलवू नका, नाहीतर इतर इंग्रजी कागदांशी मेळ बसत नाही. फ्रान्समध्ये आजचीच, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका होती, म्हणून तिथल्या पत्रांशी ताडतानाच १० मिळवा. (शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच, ग्रेगोरियन १६ जून.)

ब्रिटिश लायब्ररीतल्या पुष्कळ प्रती जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्याने जमवलेल्या. मुखपृष्ठावर शाईने लिहिलेली तारीख बहुधा प्रत त्याच्या हाती आल्याची असते. ती लढाईची समजू नका.

शब्दशोधावरही विसंबू नका. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ वाचतो आणि ‘एसेक्स’चा ‘एफेक्स’ होतो. दोन्ही रूपांनी शोधा.

आता खरं काम: बातमी मैदानावरून कुणी आणि कधी नेली? मार्स्टन मूर घ्या, २ जुलै १६४४. संध्याकाळी लढाई पेटली तेव्हा गोरिंगच्या राजपक्षीय घोडदळाने संसदेच्या सर थॉमस फेअरफॅक्सची उजवी बगल मोडली. संसदेच्या बाजूचे सेनापती लेव्हन आणि लॉर्ड फेअरफॅक्स (सर थॉमसचे वडील) मैदान सोडून गेले. त्या घटकेला जो पळाला त्याने संसद हरल्याचंच सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. पुढे संसदेच्याच क्रॉमवेलच्या घोडदळाने डाव पालटला, पण राजाच्या तळावर, ऑक्सफर्डला, आधी पोहोचली ती राजाच्या विजयाची वार्ता. म्हणून एका अंकावर थांबू नका. त्यानंतरचे निदान दोन आठवड्यांचे, दोन्ही बाजूंचे अंक शेजारी ठेवा आणि सूर कुठे नरमतो ते पाहा. नरमलेलं वाक्य फुशारकीपेक्षा जास्त कामाचं.

मैदानावरून आलेलं एकच पत्र तीन बातमीपत्रांनी छापलं असेल तर साक्ष एकच धरा. हे विसरलात तर अफवेला तीन साक्षीदार मिळतात.

आकड्यांत मेलेल्या शिपायांची संख्या सर्वांत कच्ची. प्रेतं कुणी नीट मोजत नसे. पकडलेल्या अधिकाऱ्यांची नावं त्यामानाने पक्की, कारण पुढे कैद्यांच्या अदलाबदलीत तीच नावं पुन्हा निघतात. नेसबीच्या लढाईत राजाचं सैन्य हरल्यावर, जून १६४५ मध्ये, त्याच्या कैद्यांना लंडनच्या रस्त्यांतून चालवत नेलं; तिथे आकडा फार फुगवणं अवघड होतं, शहराने ते पाहिले होते.

लेखकाच्या नावावरून बाजू ठरवू नका. मार्चामोंट नीडहॅम ब्रिटानिकसमध्ये राजावर तुटून पडे, १६४७ मध्ये ‘मर्क्युरियस प्रॅगमॅटिकस’मधून राजाची बाजू मांडू लागला आणि १६५० पासून ‘मर्क्युरियस पॉलिटिकस’मधून प्रजासत्ताकाची. त्याचा मजकूर उतरवताना बातमीपत्राचं नाव आणि वर्ष दोन्ही नोंदवा.