झंपर उलटा करून बघा: संग्राह्य बाहुलीचं परीक्षण कसं लिहावं

"किती गोड आहे गं!" एवढं लिहायचं, खाली फोटो टाकायचे, की झालं परीक्षण, असं पुष्कळांना वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. चार-पाच हजार घालून ही बाहुली घ्यावी का, हे त्याला ठरवायचं असतं आणि बाहुली असते तुमच्या हातात. म्हणून डोळ्यांना दिसतं ते फोटोवर सोडा, हाताला कळतं ते लिहा.

मी सांगलीत विश्रामबागला ब्लाऊज शिवते. बाहुल्या जमवायचा नाद त्याच खोलीत वाढला, अस्तराच्या ताग्यांशेजारी. त्यामुळं माझी नजर आधी कपड्यावर जाते, चेहऱ्यावर नंतर, आणि इथंही तसंच होणार. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. फॅशन डॉल मुळात कपडे घालण्यासाठीच केलेली असते. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळ्यात बार्बी पहिल्यांदा मांडली तेव्हा तिच्यासाठी वेगळे विकायचे पोशाखही तयार होते. ते शार्लट जॉन्सन या बाईंनी आखलेले आणि जपानात शिवलेले. एवढ्याशा कपड्याला अस्तर, खरोखर उघडणारी चेन, खरी काजं. जुने संग्राहक तो पोशाख दाखवताना आधी आतली बाजू दाखवतात, ते उगाच नाही.

डब्यावर फार वेळ घालवू नका. कोपरे दबलेत का, खिडकीचा प्लास्टिक कागद पिवळा पडलाय का, टेप मूळची आहे की पुन्हा मारलेली, हे दोन ओळींत सांगून पुढं चला. डब्यावर 'गोल्ड लेबल' असेल तर त्याचा अर्थ मात्र सांगा: बार्बीची रंगांची लेबलं २००४ पासून आली आणि सुरुवातीच्या नियमानुसार गोल्ड म्हणजे जगभरात जास्तीत जास्त २५,००० नग. पंचवीस हजार म्हणजे दुर्मिळ नव्हे. विकणारे तसं भासवतात.

फोटो खिडकीशी, दिवसाउजेडी काढा. माझे फोटो भाची काढते. "आत्या, तू ट्यूबलाइट बंद कर आधी, हिरवी साडी पोपटी दिसतीय," हे तिचं ठरलेलं वाक्य. बाहुलीशेजारी पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा ठेवला तर रंग किती खरा आलाय ते बघणाऱ्याला ताडता येतं. आणि प्रत्येक जवळच्या फोटोत मापाची टेप दिसू दे.

टेप कशाला, तर सगळा खेळ मापाचा आहे. बार्बी साडेअकरा इंच, म्हणजे साधारण २९ सेंटिमीटर. माणसाच्या एक षष्ठांश. तेव्हा बाहुलीच्या अंगावरचं काहीही मोजा आणि सहानं गुणा. साडीचा काठ अर्धा इंच असेल तर तो बाईच्या अंगावर तीन इंचांचा झाला, शोभेसा. एक इंचाची तयार लेस काठ म्हणून मारली असेल तर तो सहा इंची काठ. नवरीच्या शालूला चालेल, घरात नेसायच्या साडीला नाही. छापाचंही तेच. २०२४ च्या दिवाळीला फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांनी आखलेली बार्बी आली, चोळी, कोटी आणि फुलांचा लेहंगा घातलेली. फुलं डेलियाची, जाईची, कमळाची. असा पोशाख समोर आला की मी पहिल्यांदा फुलावर टेप ठेवते. अर्ध्या इंचाचं फूल म्हणजे बाईच्या लेहंग्यावर तळहाताएवढं फूल. ते मुद्दाम मोठं ठेवलंय की मोठ्या बायकांसाठी छापलेलं कापड आणून कापलंय, हा प्रश्न परीक्षणात विचारलाच पाहिजे.

आता कपडा उतरवा. डब्यातून काढायलाच जीव होत नसेल तर परीक्षण लिहू नका, डब्याचं वर्णन लिहा आणि तसं स्पष्ट सांगा.

उदाहरणाला माझ्याकडची हिरव्या साडीतली बाहुली घेते, नव्वदच्या दशकातली, जुन्या मालात मिळालेली. समोरून ती देखणी आहे. हिरवी साडी, जरीसारखा काठ, लाल झंपर, म्हणजे ब्लाऊज. झंपर काढला आणि उलटा केला. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथं, शिवणीबाहेर सोडलेलं मार्जिन जेमतेम अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि त्याची कडही इंटरलॉकनं बांधलेली नाही, त्यामुळं काखेतले धागे सुटायला लागलेले. बाहीची कड दुमडलेलीच नाही, कापून नुसता डिंक फिरवलाय. छातीला टक्स, म्हणजे आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या, नाहीत. त्याऐवजी पाठ घट्ट ओढून मागं वेल्क्रो मारलाय. म्हणून समोरून झंपर बसल्यासारखा दिसतो आणि पाठीवर सुरकुत्या पडतात. हे सगळं एका फोटोत मावलं, आणि 'फिटिंग छान आहे' या वाक्यापेक्षा त्या फोटोनं जास्त सांगितलं.

उलट्या बाजूला काय काय बघायचं, तर पहिल्यांदा टाका. आपल्या ब्लाऊजला मी इंचाला दहा-बारा टाके घालते. तेवढेच बाहुलीच्या कपड्याला असले तर शिवण बटबटीत दिसते आणि मुंढ्याच्या वळणावर गोलाई न येता कोन पडतो. विसाच्या आसपास असले तर शिवणाऱ्यानं मन लावलंय. मग मार्जिन: एक सूत मला बरोबर वाटतं. कमी असलं तर उसवतं, जास्त असलं तर आत गठ्ठा होतो, कारण कापडाची जाडी काही सहापट बारीक होत नाही. बाहुलीच्या कपड्याची खरी अडचण हीच आहे. कंबरेला घागऱ्याच्या चुण्या, वर पट्टी, त्यावर झंपराची कड, असे थर चढले की नाजूक बाहुलीही पोटात सुटलेली दिसते. चांगला कारागीर तिथं पट्टीला पातळ अस्तर लावतो किंवा चुण्या पाठीकडं सारतो. असं केलेलं दिसलं तर कौतुक करा, आणि कशाचं ते नाव घेऊन करा. गळ्याला क्रॉस पट्टी, म्हणजे तिरक्या कापडाची, असेल तर गळा छातीला चिकटून बसतो. सरळ पट्टी असेल तर उभा राहतो. एक बोट फिरवलं की कळतं.

साडी असेल तर थोडं जास्त लिहावं लागतं, कारण साडी लहान करणं सगळ्यात अवघड. साडेपाच मीटरची साडी सहानं भागली की ९२ सेंटिमीटर होते, नऊवारी धरली तर १ मीटर ३७. एवढं कापड बाहुलीच्या अंगावर खरोखर नेसवलं तर कंबर गायब होते. शिवाय कापडाला आपल्या वजनानं खाली पडायला जी लांबी लागते ती इथं मिळत नाही, म्हणून पदर खांद्यावरून ओघळत नाही, फुगून उभा राहतो. तेव्हा बहुतेक साड्या शिवलेल्या असतात आणि त्यात कमीपणा नाही. बघायचं ते असं: निऱ्या आत टाका घालून बसवल्यात की नुसत्या इस्त्रीवर आहेत? पदर वेगळा जोडलाय का, आणि जोड कुठं लपवलाय? आत परकर आहे का? माझ्या हिरवीच्या निऱ्या पाच, छान एकसारख्या, पण टाका फक्त कंबरेशी. गुडघ्याखाली त्या पंख्यासारख्या उघडतात. आणि पदर खांद्याला प्लास्टिकच्या बारीक टॅगनं टोचलेला होता, झंपरातून आरपार थेट अंगात. टॅग कापला तर खांद्यावर भोक राहतं. विकत घेणाऱ्याला हे आधी कळायला नको का? जुन्या बाहुल्यांत टाचण्याही असतात. आमच्याकडच्या पावसाळी हवेत त्या गंजतात आणि पदरावर तांबडा ठिपका पडतो, तो धुऊन जात नाही.

कापड कसलं, यावर डब्यावरचं वाक्य उतरवून काढू नका. मार्जिनमधून एक सुटा धागा ओढा आणि बशीत धरून पेटवा. सुताचा धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. आपली स्वतःची बाहुली असेल तरच हा उद्योग, आणि धागा आतलाच. पॉलिस्टर निघालं म्हणून नाक मुरडू नका. एवढ्याशा मापात चांगलं पातळ पॉलिस्टर सुतापेक्षा पुष्कळदा बरं पडतं. स्वतः शिवणाऱ्यांनी मात्र कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण वापरून बघावा. त्याची नक्षी मुळात इतकी बारीक की बाहुलीच्या झंपराला मापात बसते. मुंढ्याला तो ताठ राहतो, एवढंच.

बंद कसा होतो तेही लिहा. वेल्क्रो सोयीचा, पण केसांत अडकतो आणि पातळ कापडाचे धागे ओढतो. टिच बटण बरं, हूक आणि दोऱ्याचं काज सगळ्यात सुबक. मुलीला खेळायला देणार असाल तर माझं मत वेल्क्रोला, कपाटात ठेवणार असाल तर हुकाला.

गडद कपडा काढल्यावर अंग बघायला विसरू नका. लाल, काळा, गडद निळा रंग मऊ प्लास्टिकमध्ये उतरतो आणि पुसून जात नाही. खात्री करायची तर कापसाची काडी किंचित ओली करून कपड्याच्या आतल्या दुमडीवर फिरवा. काडी गुलाबी झाली, की ती बाहुली त्या कपड्यात वर्षानुवर्षं उभी करू नये, हे परीक्षणात ठळक लिहा.

चेहऱ्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात आटपते. डोळे एका रेषेत आहेत का ते बघायला फोटो आरशात उलटा करून बघा, तिरळेपणा लगेच दिसतो. भिंगातून बारीक ठिपके दिसले तर चेहरा डिजिटल छपाईचा आहे. हातभरावरून ते दिसत नसतील तर तक्रार करायचं कारण नाही. बाहुलीचे केस कृत्रिम तंतूंचे असतात: सारानचे तंतू जड असतात आणि कुरळेपणा धरतात, कानेकलॉन मऊ पण गुंता लवकर होणारा. टाळूवर ओळी किती दाट टोचल्यात ते भांग पाडून दाखवा. काही जुन्या बाहुल्यांच्या डोक्यात केस धरायला गोंद भरलेला असतो, तो काळानं पाझरतो आणि केस तेलकट, चिकट होतात. तेल लावल्यासारखे केस दिसले तर ते धुऊन जाईल असं कुणाला सांगू नका. कानातल्यांचंही बघा: तांबं असलेल्या दांडीनं कानाभोवती हिरवा डाग पडतो, साठच्या दशकातल्या बार्बीत तो नेहमीचाच.

पाठीवरच्या सालानं मात्र भलेभले फसतात. तिथं १९६६ कोरलेलं असलं म्हणजे बाहुली १९६६ ची नव्हे. ते त्या धडाच्या साच्याच्या हक्काचं साल, आणि तोच साचा नव्वदच्या दशकापर्यंत वापरात होता. डोक्याचा साचा वेगळा, त्याचं साल मानेच्या आतल्या कडेला. बाहुली या दोन्हींपेक्षा जुनी असू शकत नाही, नवी असू शकते. पक्कं साल डब्यावर आणि पोशाखावरून ठरतं. कुणी '१९६६ ची बार्बी, दुर्मिळ' म्हणून दहा हजार मागत असेल तर आधी कपड्याचं लेबल मागा.

चपला, बांगड्या, पर्स: निसटतात का, एवढं सांगितलं की पुरे.

लिहायला बसाल तेव्हा शिवणकामाचा दोष आणि आपली आवड वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. मला मोरपंखी रंग आवडत नाही, हा बाहुलीचा दोष नाही. मुंढा उसवलाय, हा आहे. पाचपैकी तारे देऊ नका. साडेतीन ताऱ्यांतून मुंढ्याची बातमी कुणाला कळत नाही. त्यापेक्षा सारखीच किंमत असलेली दुसरी बाहुली शेजारी ठेवा आणि दोघींचे झंपर उलटे करून एकाच फोटोत दाखवा.

आणि किंमत घरपोच लिहा. परदेशातून मागवलेल्या बाहुलीची डॉलरमधली किंमत वाचून आपल्या माणसाचा काही उपयोग होत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्के झालं, त्यावर कर आणि टपालखर्च वेगळा. सांगलीत दारात पार्सल येईपर्यंत एकूण किती गेले, ती एक रक्कम द्या, आणि कुठल्या महिन्यात दिली तेही, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी तोच लेख वाचून घासाघीस करायला बसणार आहे.