लॉटरी-आकडा सोडताय? या चुका टाळा

आकडा, लॉटरी किंवा मोबाइलवरची रमी सोडायचं ठरवलेल्या माणसाकडे निश्चय कमी असतो असं नाही. पैसा हातात कसा येतो, उधार कोण देतं आणि घरात हिशेब कुणाला माहीत आहे, या गोष्टींची सोय लावलेली नसते. खाली दिलेल्या बहुतेक चुका तिथेच होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांना त्या नव्या वाटणार नाहीत.

‘आकडा सोडला, आता फक्त सरकारी तिकीट घेतो’

महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे आणि ती कायदेशीर आहे. पण सवय लागलेल्याच्या मेंदूला तिकिटावरची राजमुद्रा दिसत नाही, त्याला सोडतीची वेळ दिसते. आकडा सोडून तिकिटावर आलेला माणूस बहुतेक वेळा काही दिवसांनी दोन्ही खेळू लागतो. किती रुपयांचं तिकीट घेतलं यापेक्षा ते घरी दाखवता की खिशात लपवता, हे बघा. लपवत असाल तर सोडलेलं काहीच नाही.

दुसरी फसगत पाटीवरून होते. 1998 च्या लॉटरी कायद्याप्रमाणे एका आकड्यावर किंवा आधीच जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस देता येत नाही. एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही, बंपर सोडतीही वर्षाला सहाच. तेव्हा बसस्टँडमागच्या ज्या गाळ्यात दर पंधरा मिनिटांनी सिंगल आकडा उघडतो, तिथे ‘लॉटरी सेंटर’ लिहिलं असलं तरी आत चालतो तो मटकाच. मटक्याचं गणित सोपं आहे. सिंगल आकडा लागला तर रुपयाला नऊ मिळतात, आणि आकडे असतात दहा. चार्ट वर्षभर घोकला तरी ते दहाच राहतात. काल काय उघडलं याचा आजच्या आकड्याशी संबंध नसतो, म्हणून ‘आज लागीच भो’ (आज लागेलच भाऊ) म्हणणाऱ्याकडे कालच्यापेक्षा जास्त माहिती नसते.

कुठेतरी नाव नोंदवलं की सुटलो, असं समजणं

काही देशांत खेळणाऱ्याला स्वतःवरच बंदी घालून घेता येते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने 1996 मध्ये कॅसिनोंसाठी अशी यादी सुरू केली. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’वर सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी नाव घालता येतं, तेवढी मुदत संपेपर्यंत ते काढता येत नाही. सिंगापुरात तर घरचे लोकही अर्ज करू शकतात. तिथेही लोक ठरावीक चुका करतात. सर्वांत छोटी मुदत निवडतात, जुना मोबाइल नंबर किंवा दुसरा ईमेल नोंदवायचा ‘विसरतात’, आणि यादीत नसलेल्या परवाना नसलेल्या साइटवर जातात.

आपल्याकडे अशी देशभराची यादीच नाही. कागदी तिकिटावर नाव नसतं, रोख पैसे देणाऱ्याला कोण ओळखणार आणि कोण अडवणार? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदी घातली. आता टेलिग्रामवरून लिंक येते ती बहुधा बाहेरच्या देशातल्या साइटची. तिथे खातं बंद करायचं बटण असलं तरी भरवसा ठेवू नका, कारण दुसऱ्या नंबरवर नवं खातं दोन मिनिटांत उघडतं. ग्रुपमधून बाहेर पडा, एजंटचा नंबर ब्लॉक करा, पण यालाच बंदोबस्त समजू नका.

ओळखीच्या तिकीटवाल्याला भावासमोर ‘मला देऊ नकोस’ सांगून ठेवण्याचा उपाय लहान गावात थोडाफार चालतो. पण त्याचं पोट कमिशनवर आहे, त्यामुळे माझा त्यावर फारसा विश्वास नाही.

चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला त्या दिवसाची तयारी नसणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नोकरदाराचा पैसा महिन्याला येतो, शेतकऱ्याचा एकदम. कापसाचा चुकारा, केळीच्या गाडीचे पैसे, पीक कर्जाची रक्कम, बोनस, कधी जमिनीचा मोबदला. चार महिने नीट राहिलेला माणूस नेमका त्याच आठवड्यात घसरतो, आणि घरच्यांना वाटतं की हा मुळात सुधारलाच नव्हता. त्याच्या हातात अचानक मोठी रक्कम होती आणि मागचं सगळं ‘एका फटक्यात काढायची’ संधी समोर दिसत होती, एवढंच झालं.

त्यामुळे माल विकायच्या आधीच ठरवा की पैसे कुठे जाणार. व्यापाऱ्याला सांगा, रोख नको, खात्यावर टाका. तो कुरकुर करेल, तरी सांगा. खातं असं हवं की त्याला यूपीआय जोडलेलं नाही आणि एटीएम कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आहे. खत-बियाणं, सोसायटीचा हप्ता, शाळेची फी त्याच दिवशी भरून टाका. उरेल त्याची मुदत ठेव करा, तीही शक्यतो संयुक्त नावाने, म्हणजे ती मोडताना दुसऱ्याची सही लागेल. रोजच्या खर्चाच्या खात्यात आठवड्यापुरतेच पैसे ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करता येतात आणि मर्यादाही घालता येते. मात्र ॲपचा पासवर्ड खेळणाऱ्याकडेच राहिला तर या सगळ्याचा उपयोग नाही.

बायकोच्या हातात व्यवहार द्यायला पुष्कळांना कमीपणा वाटतो. मग आई, थोरला भाऊ, मेहुणा, कुणीही चालेल, फक्त तो माणूस मागितल्याबरोबर पैसे काढून देणारा नसावा. सोनंही याच हिशेबात धरा. घरातलं सोनं लॉकरमध्ये हलवलं नसेल तर तारण कर्ज तासाभरात मिळतं.

घरच्यांनी सगळं कर्ज एकदम फेडणं

मामा, सासरे, भाऊ एकत्र बसतात, रडारड होते, ‘एकदाचं फेडून टाकू’ असं ठरतं आणि पैसे त्याच्याच हातात दिले जातात. त्यातले निम्मे घेणेकऱ्यांपर्यंत पोचले तरी नशीब. शिवाय पहिल्या बैठकीत सांगितलेला आकडा पूर्ण असेल असं धरूच नका. लाजेपोटी काही देणी दडवली जातात आणि तीच नंतर परत खेळायला लावतात. आधी यादी करा, प्रत्येक घेणेकऱ्याशी स्वतः बोला, पैसे थेट त्याला द्या, तेही हप्त्याने. थोडा बोजा कमावत्या माणसाच्या अंगावर राहू द्या.

यादीत बुकीची उधारी असेल तर घाबरून ती आधी फेडू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही. दारात येऊन दमदाटी केली तर पोलिसांत जा. विनापरवाना व्याजाने पैसे देणाऱ्या सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. त्यासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे.

पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ

शपथ मोडली की माणूस ती मोडल्याचं लपवतो, आणि लपवायला सुरुवात झाली की खेळ वाढतो. त्याऐवजी आधीच ठरवून ठेवा की घसरण झाली तर त्याच दिवशी कुणाला सांगायचं. ऐकणाऱ्याने त्या रात्री भाषण देऊ नये, फक्त विचारावं: किती गेले, कुठून आणले, अजून खिशात किती आहेत.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) हे विशेष लागतं. पोरी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, गौराईची गाणी, आणि पारावर पत्त्यांचे डाव. ‘सणाला चालतं’ म्हणणारे घरातलेच असतात. नुसतं बघायला म्हणून डावाजवळ बसू नका. शेजारचा तुमच्या नावाने लावेल.

‘हा काही आजार आहे का?’

आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या विकाराची नोंद आहे, दारूच्या व्यसनासारखाच तो मानसोपचारात हाताळला जातो. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जाताना बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि देण्यांची यादी न्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागत नाही. दारू, झोप न लागणं, उदासी यातलं काही असेल तर तेही सांगा. पुष्कळदा मूळ तिथे असतं.

कर्जाच्या दडपणाने जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्या रात्री माणसाला एकटं सोडू नका, आणि घरातली फवारणीची औषधं आधी शेजाऱ्याकडे ठेवून या.